घोटीचा नव्हे, वेगळाच टोलनाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची आहे, रात्री तिला गोष्ट वाचून दाखवताना तिच्याआधी तुम्हालाच झोप लागते. चित्रं असलेलं, कल्पनेच्या दुनियेतलं, थोडं चक्रम असं पुस्तक हवंय. तिलाही आवडेल, तुम्हालाही. आणि उपदेश नको.

यादी देत नाही. एकच नाव सांगतो, 'द फँटम टोलबूथ'. लेखक नॉर्टन जस्टर, चित्रं ज्युल्स फायफर यांची, १९६१ साली अमेरिकेत निघालेलं. वीस प्रकरणं आहेत. रोज एक वाचलं तर महिन्याच्या आत संपतं. आमच्याकडे अडीच महिने लागले. का, ते पुढे सांगतो.

नाव ऐकून आमचे चिरंजीव म्हणाले होते, "टोलनाक्यावर गोष्ट?" त्याचं चुकलं नाही. नाशिककराला टोलनाका म्हटलं की मुंबईकडे घोटीचा आठवतो, धुळ्याकडे पिंपळगाव बसवंतचा आणि पुण्याकडे शिंदे गावचा. तिन्हीकडे गोष्ट अशी काही घडत नाही. या पुस्तकातला नाका मात्र खोक्यातून घरी येतो. मायलो नावाचा एक मुलगा आहे. शाळेत असला की त्याला बाहेर जावंसं वाटतं, बाहेर असला की शाळेत. कशातच राम नाही. एक दिवस खोलीत भलंमोठं खोकं येऊन पडतं. आत जोडून उभा करायचा टोलनाका, भरायला नाणी, एक नकाशा आणि सोबत हमी: समाधान झालं नाही तर वाया गेलेला वेळ परत मिळेल. मायलो आपल्या खेळण्यातल्या मोटारीत बसतो, नाणं टाकतो आणि पलीकडच्या मुलखात जाऊन पोचतो.

ही हमी आमच्या घरात कायमची मुक्कामाला आली आहे. गेल्या मे महिन्यात ठाण्याला लग्नाला जाताना घोटीला आमचा फास्टॅग वाचलाच जाईना, मागे रांग, हॉर्न. मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, इथे वेळ परत मिळतो का?"

मला हे पुस्तक मिळालं ते मुंबईत, फाउंटनच्या फूटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. तेव्हा मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते मुंबई जा-ये करत होतो. चित्रं बघून मुलासाठी म्हणून घेतलं आणि परतीच्या गाडीत सहज उघडलं. आमच्या डब्यात पासवाल्यांचा पत्त्यांचा डाव रंगात आलेला. कसाऱ्याला मागून इंजिन लागायला गाडी थांबली, तेव्हा मी एका प्रकरणात पुरता अडकलो होतो. तिथे मायलोला एक रुबाबदार गृहस्थ भेटतो. झकपक सूट घातलेला, पण चेहऱ्याच्या जागी काहीच नाही, नुसतं गुळगुळीत. तो फार अदबीने तीन छोटी कामं सांगतो. मायलोने चिमट्याने वाळूचा ढीग एक-एक कण करून इकडून तिकडे हलवायचा. त्याच्या सोबतच्या कुत्र्याने ड्रॉपरने एक विहीर उपसून दुसरी भरायची. तिसरा सोबती एक थापाड्या किडा, त्याने सुईने कड्याला भोक पाडायचं. तिघं मुकाट्याने कामाला लागतात. काही तासांनी मायलो हिशोब मांडतो, तर हे सगळं संपायला ८३७ वर्षं लागणार!

तो गृहस्थ म्हणजे निरर्थक कामांचा राक्षस. मुलाला हे वाचून दाखवलं तेव्हा तो सुईला हसला. मी त्या दिवशी ऑफिसात एका तक्त्याचे रकाने साहेबांच्या सांगण्यावरून तिसऱ्यांदा उलटेपालटे करून आलो होतो. मला हसू आलं नाही. पान तेच, पण मुलगा एका जागी थांबतो आणि बाप दुसऱ्याच. लहानामोठ्यांचं पुस्तक म्हणजे मी हे समजतो. मोठ्यांसाठी वरून पेरलेले टोमणे असलेली पुस्तकं वेगळी, ती मुलांना लगेच कळतात आणि राग येतो.

आता अडीच महिन्यांचा खुलासा. सगळं पुस्तक शब्दांच्या खेळावर उभं आहे. इंग्रजीतले वाक्प्रचार तिथे शब्दशः खरे होतात. लेखकाच्या वडिलांनाच कोट्या करायची खोड होती, ती लेखकातही उतरली. मुलाचं इंग्रजी तेव्हा एवढं नव्हतं, म्हणून मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायचो आणि तोंडाने मराठी बोलायचो. आई पलीकडे कॉटवर पडून ऐकायची. ती तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे गप्प बसणं शक्य नव्हतं.

पहिली अडचण कुत्र्याची. मायलोचा सोबती टॉक हा 'वॉचडॉग' आहे, म्हणजे पोटाच्या जागी सबंध गजराचं घड्याळ असलेला कुत्रा. वेळ वाया घालवणाऱ्यांवर भुंकणं हे त्याचं काम. आता वॉच म्हणजे घड्याळ आणि वॉच म्हणजे राखण, ही कोटी मराठीत कशी आणणार? मी चाचपडत होतो, तेवढ्यात कॉटवरून उत्तर आलं, "पहारा शब्द प्रहरावरूनच आलाय. पहाऱ्याचा कुत्रा म्हण, आणखी काही करू नकोस." म्हणजे घड्याळ आमच्या शब्दाच्या पोटात आधीपासूनच होतं. मुलाने त्याचं बारसं 'गजऱ्या' असं केलं, आईने कपाळाला हात लावला, पण नाव टिकलं.

शब्दनगरीत एक मेजवानी आहे. तिथे पाहुण्याने आधी भाषण करायचं आणि मग जे बोलला तेच ताटात वाढून येतं. स्वतःचे शब्द स्वतः खायचे. मायलोला हे माहीत नसतं, तो आपलं लांबलचक औपचारिक बोलून बसतो आणि उपाशी राहतो. हे प्रकरण एका रात्रीत व्हायचं ते आठवडाभर चाललं, कारण मराठी माणूस काय काय खातो याची यादी सुरू झाली. मार, शिव्या, हवा, ऊन, डोकं, भाव. आईने खस्ता आणि टक्केटोणपे घातले. मी कच खाल्ली. शेजारचे काका कॅरम खेळायला आले होते, ते म्हणाले गटांगळ्या. लाच कुणी आधी म्हटलं यावर भांडण झालं. फ्रिजवर लावलेल्या कागदावर शेवटी सव्वीस पदार्थ जमले होते.

तिथल्या बाजारात अक्षरंही सुटी विकायला असतात, चव घेऊन बघता येतात. ए गोड लागतो, झेड भुशासारखा कोरडा, एक्सला कोंडलेल्या हवेची चव. ते वाचून रात्री जेवताना आमच्याकडे 'ळ'ची चव ठरवण्याची सभा भरली. मुलगा म्हणाला गोड, कारण गूळ, केळं, जांभूळ. आईने दुजोरा दिला आणि पुरावा दिला: कडू कारल्यात बघ, साधा ल आहे. निकाल लागणार एवढ्यात बायको म्हणाली, "आणि मिसळ?" नाशिकमध्ये हा मुद्दा खोडून काढणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. 'ङ' आणि 'ञ' हे दुकानाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेले असणार, एवढ्यावर मात्र एकमत झालं. (धूळही यादीत गेली. सत्तावीस.)

सगळं इतकं सोपं गेलं असं नाही. इंग्रजीत माणूस घाईने अनुमान काढतो तेव्हा तो निष्कर्षावर उडी मारतो, म्हणून पुस्तकात त्या नावाचं एक बेट आहे. विचार न करता काही बोललात की आपोआप उडून तिथे जाऊन पडता, आणि परत यायला मात्र समुद्र पोहून यावं लागतं. कल्पना झकास, पण आपण निष्कर्ष काढतो, त्यावर उड्या मारत नाही. आईने 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' सुचवलं, ते काही बेटावर बसेना. शेवटी मी इंग्रजी वाक्प्रचार समजावून सांगितला. समजावलेला विनोद जसा लागतो तसाच तो लागला.

उलट गोष्टीचा कणा मराठीत आयता बसला. तिथला एक राजा शब्दांचा, एक आकड्यांचा. कोण थोर यावरून दोघांचं भांडण, आणि दोन राजकन्यांनी दिलेला न्याय दोघांनाही न आवडल्याने त्यांनी त्या राजकन्यांना हद्दपार केलेलं आहे, हवेतल्या किल्ल्यात. इंग्रजीत त्यांची नावं ऱ्हाइम आणि रीझन. त्या गेल्यापासून राज्यात कशाला कशाचा धरबंध नाही. आमच्या घरी त्या ताळ आणि मेळ झाल्या. राज्यात ताळमेळ उरला नाही, आणि तो आणायला एक मुलगा, एक कुत्रा आणि एक थापाड्या किडा निघाले आहेत. हवेतले इमले तर आपण पिढ्यान्‌पिढ्या बांधतोच.

आकड्यांच्या राज्यातलं एक पात्र मला सगळ्यात प्रिय आहे. उभा कापल्यासारखा जेमतेम अर्धा मुलगा. नेमकं सांगायचं तर ०.५८. सरासरी कुटुंबात २.५८ मुलं असतात, त्यातला तो शेवटचा. त्याला वाईट वाटत नाही. सरासरी कुटुंबाकडे १.३ मोटारी असतात, आणि त्यातली ती ०.३ मोटार चालवू शकणारा घरात तोच एकटा! सरासरी म्हणजे काय हे मी पोराला दोनदा शिकवलं होतं, दोन्हीदा त्याने मान डोलावली होती. त्या रात्री त्याला ते खरोखर कळलं, कारण दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "म्हणजे पेपरात सरासरी लिहितात ते असं कुणी नसतंच?"

चित्रांबद्दल, कारण तुम्ही मुद्दाम विचारलंय. रंगीत नाहीत. काळ्या शाईच्या उडत्या, थरथरत्या रेषा आहेत, जणू फोनवर बोलता बोलता कुणी काढल्या. आकाशाला रंग देणाऱ्या वाद्यवृंदाचं प्रकरण आहे, सूर्योदय तिथे वाजवला जातो, तिथेही चित्र काळंपांढरंच. आधी मला ही कंजुषी वाटली. मग लक्षात आलं की मुलगा त्या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतो, कोणतं वाद्य कोणता रंग वाजवत असेल ते सांगत.

या चित्रांमागची हकिकतही सांगण्यासारखी आहे. जस्टर पेशाने वास्तुरचनाकार. शहरांवर मुलांसाठी पुस्तक लिहायला त्यांना फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळाला होता. त्या कामाचा कंटाळा आला आणि ते टाळण्यासाठी म्हणून हे लिहिणं सुरू झालं. व्यंगचित्रकार फायफर ब्रुकलिनमध्ये त्याच इमारतीत राहत होते. वर लिहिणारा, खाली काढणारा, आणि दोघं एकमेकांची खोडी काढणारे. काढताच येऊ नये असं काहीतरी जस्टर मुद्दाम लिहायचे. तडजोडीचे तीन राक्षस: एक बुटका आणि जाड, दुसरा उंच आणि किडकिडीत, तिसरा हुबेहूब त्या दोघांसारखा. काढा आता! फायफरना घोडे काढायचा कंटाळा, म्हणून त्यांनी सैन्याला मांजरांवर बसवायचा घाट घातला होता. तो जस्टरनी चालू दिला नाही. सुरुवातीला एक गोल गरगरीत, बडबड्या माणूस भेटतो, त्याला फायफरनी खुद्द जस्टरचा चेहरा देऊन हिशोब चुकता केला. जस्टर २०२१ मध्ये गेले, फायफर २०२५ च्या जानेवारीत.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. मधल्या काही प्रकरणांत कोट्यांचा भडिमार होतो, नऊ वर्षांच्या मुलीला तिथे जांभई येईल. बेधडक पानं गाळा. इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगवर उभा असलेला विनोद मराठीत ओढून आणूच नका. आणि उपदेश अगदीच नाही असं म्हणणार नाही, थोडा आहे. पण लेखक इतका गंभीर चेहरा करून विनोद सांगतो की उपदेश ओळखू येईपर्यंत पुढचं पान आलेलं असतं. याच गोष्टीवर १९७० चा एक चित्रपटही आहे, तो वाचून झाल्यावर बघा. आधी बघितलात तर गजऱ्याचा आवाज तुम्हाला ठरवता येणार नाही, तो तुमच्या घरातच ठरलेला बरा. आमचा गजऱ्या जरासा सर्दी झालेला आहे, कारण ते प्रकरण वाचलं तेव्हा मला सर्दी होती आणि पुढे मुलाने आवाज बदलू दिला नाही.

तुमची मुलगी कदाचित आणखी एक प्रश्न विचारेल. माझी पुतणी सुट्टीत गंगापूर रोडवरून आमच्याकडे राहायला आली होती, तिने विचारला. हवेतल्या किल्ल्याला जिना आहे. मग त्या दोघी जिन्याने खाली का येत नाहीत? पोरगा येऊन सोडवेपर्यंत बसून का राहायचं? मी म्हटलं, खाली राक्षस आहेत. ती म्हणाली, मायलोला पण होतेच की. गोष्टीत बायका फार कमी, आणि ज्या आहेत त्या बहुतेक कुठेतरी बसून आहेत, हे मी दोनदा वाचूनही माझ्या नजरेला आलं नव्हतं.

पुस्तकाच्या सुरुवातीला त्या मुलखाचा नकाशा आहे. आमच्या प्रतीत तिने त्यावर पेन्सिलने दोन इवल्याशा बायका काढल्या आहेत, किल्ल्याकडून खाली निघालेल्या. एकीच्या हातात पिशवी आहे. दुसरीने साडी वर खोचली आहे.