घरच्या कॉम्प्युटरला तीन वर्षांचा अँटीव्हायरस घ्यावा का?

नका घेऊ, निदान दुकानवाला म्हणतोय म्हणून तर नकोच. तुम्ही लिहिलंय की सुदामा नगरात आई-बाबांकडे डेस्कटॉप आहे, विंडोज १० चा, बाबा त्यावर नेट बँकिंग आणि पेन्शनचं बघतात, पुतण्या येऊन गेम टाकून जातो, आणि दुकानवाला अँटीव्हायरसची तीन वर्षांची की, म्हणजे लायसन्सचा नंबर, गळ्यात मारतोय. मी पण इंदूरचाच, नात्यातले निम्मे कॉम्प्युटर माझ्याकडेच येतात, म्हणून सांगतो.

विंडोज ८ पासून डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस विंडोजच्या आतच येतो, वेगळे पैसे नाहीत. पूर्वी तो अगदीच लेचापेचा होता हे खरं, आणि लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय, पण जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ह्या संस्था नेमाने सगळ्यांची परीक्षा घेतात आणि त्यात डिफेंडर गेली कित्येक वर्षं पैसेवाल्यांच्या बरोबरीने मार्क घेतो. घरच्या वापराला तेवढं पुरतं.

फक्त तो चालू आहे का ते आधी बघा. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्ज दाबा आणि बरंच खाली या, तिथे एक्सक्लूजन्स असं लिहिलेलं असतं, त्याखालची लिंक दाबली की यादी उघडते. ती रिकामी हवी. त्यात सी ड्राइव्ह किंवा कुठलंतरी अनोळखी फोल्डर लिहिलेलं दिसलं तर बहुतेक वेळा असं समजा की कॉम्प्युटर असेंबल करताना कोणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर मारून, म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरने लायसन्सशिवाय, विंडोज चालू करून दिलंय, आणि डिफेंडरने त्याला पकडू नये म्हणून त्यालाच सांगून ठेवलंय की इकडे बघू नकोस. म्हणजे पहारेकरी आहे पण मागचं दार त्याच्या ड्युटीत नाही. अशा मशीनवर महागातला अँटीव्हायरस टाकूनही उपयोग नाही, सरळ ओरिजिनल विंडोज नव्याने टाकून घ्या, आणि तोवर बाबांना त्यावर बँक उघडू देऊ नका.

दुसरं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन विंडोज ११ घेत असेल तर घ्या, नसेल तर सपोर्ट संपल्यावरही काही काळ सुरक्षेचे अपडेट्स देणारी मायक्रोसॉफ्टची ईएसयू योजना आहे, अपडेट्सच्या पानावरच नोंदणीची लिंक येते, ती करून टाका. हे अँटीव्हायरसपेक्षा महत्त्वाचं, कारण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं ते अडकले.

पेन ड्राइव्हचं पण ऐका. बाबा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटला पेन ड्राइव्ह देत असतील तर परत आल्यावर कधी कधी सगळ्या फोल्डरवर छोटा बाण दिसतो आणि साइज एक-दोन केबी. खरे फोल्डर आतच असतात, लपवलेले, आणि दिसतो तो शॉर्टकट, त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस तुमच्या मशीनमध्ये. घाबरून फॉरमॅट मारू नका, क्लिक न करता आधी स्कॅन करा. त्यापेक्षा झेरॉक्सवाल्याला फाइल मेल करणं बरं.

आता पैसे कुठे घालायचे ते. सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर मार्केटला जायचंच असेल तर एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा, फोटो आणि कागद त्यावर कॉपी करा आणि काम झालं की केबल काढून कपाटात. लावून ठेवाल तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, तिच्यावरच्या फाइलीही लॉक करतो, म्हणून काढून ठेवायचं, लोक नेमकं हेच करत नाहीत. पुतण्यासाठी वेगळं स्टँडर्ड अकाउंट बनवा, म्हणजे काही टाकायला गेला की बहुतेक वेळा तुमचा पासवर्ड मागेल, गेमचे क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायच्या चोरीच्या कॉप्या, बहुतेक ह्याच रस्त्याने येतात.

बँकेचं सांगू का, बाबांनी फोनवरच्या माणसाचं ऐकून स्वतःच्या हाताने स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकलं आणि ओटीपी सांगितला तर जगातला कुठलाच अँटीव्हायरस मध्ये पडत नाही. आणि ब्राउझरमध्ये लाल पाटी आली, भोंगा वाजला, ह्या नंबरवर फोन करा म्हणाली, तर ती पाटीच फ्रॉड, मायक्रोसॉफ्ट त्याच्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर देत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ह्या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर नको.

एवढं करूनही तुम्हाला विकतचाच हवा असेल, बाबांचं मन मानत नसेल, तर क्विक हील घ्या, पुण्याच्या काटकर बंधूंची कंपनी आहे, कैलास काटकरांनी सुरुवात कॅल्क्युलेटर रिपेअरिंगपासून केली होती. पण एक वर्षाचीच की घ्या, भाव करा, आणि आधी जुना ट्रायल अँटीव्हायरस असेल तो काढा, दोन एकत्र ठेवले की मशीन रांगतं. फुकटवाला दुसरा मात्र टाकू नका, डिफेंडर असताना गरजच नाही, शिवाय अवास्टला ब्राउझिंगचा डेटा विकल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले होते.

की आधीच घेऊन बसला असाल तर वापरा, पैसे वाया कशाला, फक्त ऑनलाइन घेतली असेल तर ऑटो रिन्यूअल आजच बंद करा.