रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळलं तर उत्पादन किती घटतं?
सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घट धरून चाला, पण पिकांची फेरपालट आणि मिश्र पिकं नीट घेतली तर ती निम्म्यावर येऊ शकते. २०१५ साली शंभराहून अधिक अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. तीत सरासरी तफावत १९ टक्के निघाली. सेंद्रिय शेतात फेरपालट किंवा मिश्र पिकं होती तिथे मात्र ८-९ टक्केच. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चालू असलेल्या प्रयोगात पहिल्या २१ वर्षांत उत्पादन साधारण २० टक्के कमी आलं, पण खतं ३४ ते ५३ टक्के आणि कीटकनाशकं तब्बल ९७ टक्के कमी लागली. म्हणून नुसता उतारा पाहू नका, खर्चही मांडा. फक्त हे आकडे सरसकट लावू नका: फळझाडं आणि तेलबियांत घट थोडी असते, धान्यं आणि भाजीपाल्यात बरीच जास्त. शिवाय प्रमाणपत्र मिळेपर्यंतची दोन-तीन वर्षं सर्वांत कठीण, कारण उत्पादन घटलेलं असतं आणि सेंद्रिय मालाचा चढा भावही मिळत नाही. त्यामुळे सगळं रान एकदम बदलण्यापेक्षा एका तुकड्यापासून सुरुवात करा.