वकिलांनी सांगितलंच नाही, तर?

प्रश्न : नवऱ्याने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावलाय. मी मुलीला घेऊन बार्शीला आईकडे राहते. वकिलांच्या फीसाठी दागिने मोडले. बायकांना मोफत वकील मिळतो, हे परवा शेजारणीकडून कळलं. आमच्या वकिलांना हे ठाऊक नसेल का? वकील बदलू का?

उत्तर : ताई, एवढं तर ठाऊक असणारच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. न सांगण्याचं कारण काय असेल, ते तुम्हीच ओळखा.

खरं अज्ञान असतं ते पुढच्या गोष्टींचं. नवे निकाल आम्हा वकिलांच्या मोबाइलवर येऊन पडतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या कामांत बायकांना मदत करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांची बदली झाली, समुपदेशक कोणत्या वारी बसतात, विधी सेवा समितीच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत वकिलांच्या यादीत, कौटुंबिक कामं नेमकं कोण करतं, हे मात्र कुणी पाठवत नाही. त्यासाठी त्या कार्यालयांची पायरी चढावी लागते, कारकुनाशी बोलावं लागतं. समुपदेशन पक्षकारांचं होतं, वकील सहसा दाराबाहेरच. ज्यांचं मुख्य काम जमिनीच्या दाव्यांचं, ते तिकडे फिरकतही नाहीत.

म्हणून बदलण्याआधी वकिलांना सरळ विचारा : कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बार्शीतच अर्ज करता येईल का? (छळ झाला असेल तर येतो; संरक्षण अधिकारी त्यात विनाशुल्क मदत करतात.) पोटगीचा अर्ज इथे का लावला नाही? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम १४४ खाली तुम्ही राहता तिथे तो लावता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालामुळे दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. पुण्याचा दावा बार्शीला वर्ग करून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, तो केला का? पोटगी-घटस्फोटाच्या कामांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. तुमच्याकडून त्या नावाखाली काही घेतलं असेल, तर तेही विचारा.

उत्तरं गुळमुळीत आली, तर बार्शी कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवरही विचारता येईल. फी थकली म्हणून वकिलांना तुमची फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. नवं वकीलपत्र दाखल होईपर्यंत पुण्याची तारीख मात्र चुकवू नका, नाहीतर दावा एकतर्फी चालेल.