तीन पाळ्यांच्या आपत्कालीन सेवेत पहाटेची पेंग कशी टाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नियंत्रण कक्ष आणि रुग्णवाहिका मिळून तीन तुकड्या, पाळी रात्र, मग दुपार, मग सकाळ अशी फिरते आणि पहाटे सगळे पेंगतात. काय बदलावं?

आधी पाळी फिरण्याची दिशा बदला. दुपारपाळी रात्री 10 ला सुटते आणि तोच माणूस सकाळी 6 ला हजर हवा असतो. चार्टवर 8 तास दिसतात. त्यातून चार्ज देण्याची 20 मिनिटं, जाण्यायेण्याचा दीड तास, जेवण, आंघोळ वजा करा. झोपेला जेमतेम 5 तास उरतात. सकाळ, दुपार, रात्र असा क्रम लावला, तर पाळी बदलताना पूर्ण 24 तास मिळतात. शिवाय शरीराचं घड्याळ बहुतेकांचं 24 तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं जातं, अलीकडे ओढणं जड.

तीन तुकड्यांवर मात्र हे निभणार नाही. आठवड्याचे 168 तास तिघींत वाटले की प्रत्येकीला 56 येतात, रजा-आजारपण वेगळंच. चौथी तुकडी मागा: 2 सकाळ, 2 दुपार, 2 रात्र, 2 सुट्ट्या, सरासरी 42 तास. वरिष्ठांपुढे हाच हिशेब ठेवा. आणि कृपा करून रात्रपाळीनंतरच्या सुट्टीत कुणाला प्रशिक्षणाला किंवा बदलीवर बोलावू नका. त्यातला पहिला दिवस झोपेतच जातो. चांगले चार्ट मोडतात ते इथेच.

इतकं करूनही पहाटे 3 ते 6 जड जातीलच, कारण तेव्हा शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्याआधी आळीपाळीने 20 मिनिटांची डुलकी अधिकृतपणे द्या, गजर लावून. जास्त झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. चालकाला मात्र दुसरा चालक जागा असेल तेव्हाच झोपू द्या. उठल्यावर 15 मिनिटं स्टिअरिंग नको. ताशी 60 किलोमीटर वेगात 4 सेकंद डोळा लागला, तर गाडी 66 मीटर पुढे गेलेली असते.

कॉफी रात्री 2 नंतर बंद. तिचा निम्मा अंमल साधारण 5 तासांनीही उरतो आणि सकाळची झोप खातो.