‘सी-एक्स-सी’ नव्हे, ‘स-ह-स’

आजोबांच्या वहीत ‘सी-एक्स-सी’ लिहिलेली पोस्टाची तिकिटं निघाली, हा देश कुठला, पुढे काय जमवू आणि यांना काही किंमत येईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

किमतीचं आधी सांगून टाकतो: फारशी नाही. यातली बहुतेक सुटी तिकिटं चहाच्या पैशात मिळतात. म्हणूनच हा देश शिकायला फार बरा. चूक झाली तरी घरात बोलणी बसत नाहीत.

आता नाव. ती अक्षरं रोमन नाहीत, सिरिलिक आहेत. त्या लिपीत ‘सी’सारखं दिसतं ते ‘स’ आणि ‘एक्स’सारखं दिसतं ते ‘ह’. म्हणजे स-ह-स: सर्ब, ह्रवात (आपण क्रोएट म्हणतो ते) आणि स्लोव्हेन. १ डिसेंबर १९१८ ला या तिघांचं मिळून एक राज्य झालं, १९२९ मध्ये त्याचं नाव युगोस्लाव्हिया झालं आणि एप्रिल १९४१ मध्ये जर्मन आक्रमणात ते कोसळलं. आणखी दोन अक्षरं लक्षात ठेवा: रोमन ‘पी’सारखं दिसेल तिथे ‘र’ वाचायचं, ‘एच’सारखं दिसेल तिथे ‘न’. एवढ्यावर पोस्टाचे निम्मे शिक्के वाचता येतात.

राज्य एक झालं तरी पोस्ट एक व्हायला वेळ लागला. साराएवोत बोस्नियाच्या जुन्या तिकिटांवर छाप मारला (म्हणजे जुन्या तिकिटावरच वरून नवी अक्षरं छापली), क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये हंगेरीच्या तिकिटांवर ‘ह्रवात्स्का एसएचएस’ (क्रोएशिया, आणि रोमन लिपीतलं तेच स-ह-स) असा छाप मारला, आणि स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाने सरळ स्वतःची नवी तिकिटं काढली. चलनसुद्धा वेगळं. सर्बियात दिनार, पूर्वीच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या भागात जुनी क्रोन, आणि पुढे चार क्रोनांना एक दिनार असा भाव ठरला. सगळीकडे चालणारी पहिली मालिका १९२१ ची. ती न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने छापली. कमी किमतींवर युवराज अलेक्झांडर, मोठ्या किमतींवर म्हातारा राजा पीटर, आणि तो राजा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. छपाई देखणी आहे, पण मला विचाराल तर जरा कोरडी.

तुम्ही लिहिलंय की काही तिकिटांवर साखळदंड तोडणारा उघडा माणूस आहे. तीच खरी गंमत! ती ल्युब्लियानाची १९१९ ची मालिका. स्लोव्हेन लोक तिला ‘वेरिगारी’ म्हणतात, म्हणजे साखळ्या तोडणारे. चित्र इव्हान वावपोतिच या चित्रकाराचं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, कागद मिळेल तो, शाई मिळेल ती. काही छपाई ल्युब्लियानात झाली, काही व्हिएन्नात. त्यामुळे एकाच किमतीचं तिकीट जाड कागदावर, पातळ कागदावर, फिक्या रंगात, गडद रंगात, नीट दात्यांचं आणि करवतीसारख्या कापलेल्या कडांचं असं सगळं सापडतं. दोन पद्धतींनी छापलंय, ते भिंगाखाली ओळखता येतं. लिथोग्राफीतलं (सपाट दगडावरून छापलेलं) तिकीट सपाट, रेषा जरा मऊ. ठशाच्या (उठावाच्या खिळ्यांच्या) छपाईत रेषेच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार दिसते आणि उलट बाजूला चित्राचा उठाव जाणवतो. २० विनारचं (विनार म्हणजे क्रोनचा शंभरावा भाग) एकच तिकीट घ्या आणि त्याचे पन्नास नग जमवा. कॅटलॉगमधला पूर्ण संच विकत घेण्यापेक्षा मी हेच सुचवेन. संच पैसे दिले की पुरा होतो आणि मग अल्बम कोणी उघडत नाही.

छापवाल्या तिकिटांपासून मात्र पहिली दोन वर्षं लांब राहा. मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून झाग्रेबचा छाप असलेलं हंगेरियन तिकीट बऱ्यापैकी पैसे मोजून घेतलं. शिक्क्यात ‘९१७’ असा आकडा होता. मला वाटलं, पोस्टाचा नंबर असेल. पुढे कळलं की हंगेरीच्या शिक्क्यात सालातला पहिला एक गाळतात. म्हणजे तिकीट १९१७ मध्ये वापरलेलं आणि छाप त्या राज्याचा जे १९१८ च्या ऑक्टोबरअखेर, सर्बियाशी एक होण्याच्या महिनाभर आधी, जाहीर झालं! भिंग लावून पाहिलं तर छापाची काळी शाई शिक्क्याच्या वर बसलेली. खऱ्या तिकिटात आधी छाप, मग शिक्का. ते तिकीट मी फेकलं नाही, अल्बमच्या पहिल्या पानावर लावलंय.

पुढची वर्षं तुमच्या आवडीवर सोडतो, पण दोन गोष्टी जरूर शोधा. १९२६ मध्ये पूरग्रस्तांसाठी तिकिटांवर जादा रकमेचा छाप मारला, आणि १९२८ मध्ये तोच आकडा चार फुल्या मारून खोडला. लागोपाठ लावली की सरकारी काटकसर काय असते ते दिसतं. दुसरी, ऑक्टोबर १९३४ ची काळ्या चौकटीची मालिका. ९ तारखेला फ्रान्समधल्या मार्सेलिसमध्ये राजा अलेक्झांडरचा (आधीचा युवराज) खून झाला आणि चालू तिकिटांनाच काळी किनार देऊन ती बाहेर आली. पुढच्या वर्षीच्या मालिकेवर त्याचा मुलगा पीटर आहे. बाप गेला तेव्हा पोरगं अकरा वर्षांचं होतं. विजेवर काम करणाऱ्या संशोधक निकोला टेस्लाचं १९३६ चं तिकीटही याच काळातलं.

वहीत तिकिटं अजून लिफाफ्याच्या तुकड्यावर असतील तर ती सुटी करायला लगेच पाण्यात टाकू नका. गावाचं नाव आणि तारीख पूर्ण वाचता येत असेल तर तो तुकडा तसाच ठेवा, त्याची मजा सुट्या तिकिटाला नाही. आणि वही पावसाळ्यात कपाटात आडवी दाबून ठेवू नका. उभी ठेवा, अधूनमधून हवा लागू द्या, नाहीतर डिंक चिकटतो आणि तपकिरी डाग पडतात.

साखळीवाल्या तिकिटांचे फोटो टाका, पण मागच्या बाजूचे, टेबललॅम्प बाजूने तिरका धरून. पुढच्या बाजूवरून मी काही सांगू शकणार नाही.