गजबजलेल्या भागात चांगलं आणि परवडणारं जेवण कसं शोधावं?

मुख्य रस्ता सोडा आणि मागच्या गल्लीत शिरा. दर्शनी जागेचं भाडं जास्त असतं, ते शेवटी ताटातूनच वसूल होतं. शिवाय स्टेशनच्या किंवा बाजाराच्या अगदी तोंडाशी असलेल्या ठिकाणांना रोज नवं गिऱ्हाईक मिळतं. आतल्या गल्लीतल्यांचं पोट मात्र नेहमीच्या लोकांवर चालतं.

म्हणून गर्दी दिसली की ती कोणाची आहे ते बघा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आसपासच्या दुकानांतली, ऑफिसांतली माणसं कुठे वळतात? रोज स्वतःच्या खिशातून खाणारा माणूस महागडं किंवा बेचव खाणं फार दिवस सहन करत नाही. मी तर सरळ जवळच्या दुकानदाराला विचारतो, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" नुसतं "इथे चांगलं काय मिळतं?" विचारलं की लोक प्रसिद्ध नाव सांगून मोकळे होतात.

मेन्यू छोटा असेल तर उत्तम. शंभर पदार्थ म्हणजे त्यातलं बरंच काही आधीच करून ठेवलेलं. स्वच्छतेशी मात्र तडजोड नको. शिजवलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर तसंच राहू नये आणि गरम ठेवायचं तर 60 अंश सेल्सिअसच्या वर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोमट वाढलं तर खाऊ नका, खरंच.

ऑनलाइन नुसते तारे मोजू नका. अलीकडचे, तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा आणि लोकांनी टाकलेले मेन्यूचे फोटो बघा. भाव तिथेच कळतात.