कोमोडोची ३ दिवसांची बोट ट्रिप, सोबत आई. किती बेटं बसतील?

तुम्ही विचारलंय की बालीहून पुढे इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावरच्या लाबुआन बाजो बंदराला जाऊन तीन दिवस दोन रात्रींची बोट घ्यायचीय, सोबत ६६ वर्षांची आई आहे, तिचे गुडघे दुखतात, तर किती बेटं बसतील, कुठला महिना बरा, आणि "आईमुळे ट्रिप स्लो होईल का". बेटांचं आणि महिन्याचं कोणीही सांगेल, मी पण सांगते खाली, पण खरं तर त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलेय. हेच वाक्य मी आमच्या बोटीवर ऐकलंय, आणि आईनेही ऐकलंय.

तर हो, होईल स्लो. होऊ द्या.

आम्ही २०२३ च्या सप्टेंबरअखेर गेलो होतो. मी, दादा, वहिनी आणि आई, तेव्हा ती ६४ ची, दोन्ही गुडघे गेलेले. प्लॅन सगळा दादाने केला होता आणि मेहनत घेऊन केला होता हे मान्य करते, एक्सेलमध्ये तासातासाचं लिहिलेलं, अकरा ठिकाणं. केलोर, रिंचा, कालोंग, पाडार, पिंक बीच, कोमोडो, ताका मकास्सार, मांटा पॉइंट, सियाबा, कानावा आणि अजून एक कुठलं तरी. फक्त त्या शीटमध्ये आई कुठेच नव्हती. म्हणजे डिंगीत, छोट्या होडीत, उतरायला तिला किती वेळ लागेल, परत चढायला किती, हे एकाही रकान्यात नव्हतं. बोटीवर आपण थेट किनाऱ्याला लागत नाही, बोट लांब नांगर टाकून उभी राहते आणि प्रत्येक बेटासाठी छोट्या डिंगीत उतरायचं, मग बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात पाय टाकून वाळूवर यायचं, आणि परतताना हेच उलटं. एवढी ठिकाणं म्हणजे वीसेक वेळा. गुडघ्यांचा त्रास चढणीपेक्षा या चढउतारीतच जास्त होतो आणि हे कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

बोटीचंही सांगते. एजंटने फोटो पाठवले ते मोठ्या फिनिसीच्या, म्हणजे तिकडच्या शिडाच्या लाकडी बोटीच्या, वरच्या डेकवरच्या केबिनचे, आणि प्रत्यक्षात आमची केबिन निघाली खालच्या मजल्यावर, जवळजवळ उभ्या शिडीने उतरायचं, बाथरूमही तिकडेच आणि पलीकडे इंजिन. आई एकदा उतरली आणि वर येताना तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग दोन्ही रात्री ती वर डेकवर गादी टाकून झोपली. क्रूने आपणहून ताडपत्रीचा आडोसा बांधून दिला. त्या पोरांना ना हिंदी येत होतं ना धड इंग्लिश, पण आईला ते इबू म्हणायचे, तिकडे आईलाही इबू म्हणतात आणि मोठ्या बाईलाही, आणि डिंगीत उतरताना दोघं दोन बाजूंनी हात धरून एकच म्हणायचे, "पेलान-पेलान, इबू". हळूहळू. त्यांना अजिबात घाई नव्हती, घाई आमच्यातल्याच एकाला होती.

आता रिंचाचं सांगते, कारण माझ्या दृष्टीने सगळी ट्रिप तिथेच आहे. ही बेटं कोमोडो नॅशनल पार्कात येतात, तिथे रेंजरशिवाय फिरता येत नाही, त्याच्या हातात बेचकं असलेली लांब काठी असते, आणि छोटा, मधला, लांब असे फेरीचे प्रकार असतात. दादा-वहिनीने लांब घेतला. मी आणि आई दुसऱ्या रेंजरबरोबर छोट्या फेरीला. रिंचावर पर्यटक उतरतात त्या लोह बुआयाला आता जमिनीपासून उंच बांधलेला रस्ता केलाय, गुडघेवाल्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. आईला पहिला कोमोडो ड्रॅगन दिसला तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही तर घोरपडच आहे." बरोबरच आहे, घोरपडीच्याच कुळातला, फक्त तीन मीटरपर्यंत वाढणारा. रेंजरला मी मोडक्यातोडक्यात सांगितलं की इबूला जास्त चालता येत नाही पण थांबायला वेळ भरपूर आहे, तर तो विचार करून आम्हाला एका ढिगाऱ्याजवळ घेऊन गेला, अर्थात सुरक्षित अंतर ठेवून. तिथे कोंबडीएवढा एक पक्षी असतो, तो पाला आणि माती पायाने ओढून मोठा ढीग करतो आणि त्यात अंडी घालतो. ड्रॅगनची मादी तो ढीग बळकावते आणि स्वतःची अंडी तिथे पुरते. आजूबाजूला तिने अजून खड्डे खणून ठेवलेले, ते खोटे, अंडी चोरायला येणाऱ्याला चकवायला. आणि ती स्वतः तिथेच, मातीत हनुवटी टेकून पडलेली. हलत नव्हती. मधूनच जीभ बाहेर, वास घ्यायची.

आम्ही पाऊण तास तिथे होतो. पाऊण तासात ती एकदा उठली, ढिगाभोवती अर्धी फेरी मारली, पुन्हा बसली. आईने रेंजरला विचारायला लावलं की ही इथे किती दिवस बसणार. तो म्हणाला पाऊस सुरू होईपर्यंत. आणि पिल्लं? अंडी फुटायला सात-आठ महिने लागतात, म्हणजे मार्च-एप्रिल. मग पिल्लं येतील तेव्हा ही नसेल? नसेल, आणि पिल्लं लगेच झाडावर चढतात, पहिली काही वर्षं तिथेच राहतात, कारण खाली मोठे ड्रॅगन त्यांनाही खातात. आई त्यावर काही बोलली नाही. मला म्हणाली अजून पाच मिनिटं थांबू.

लांब ट्रेकवाल्यांना उघड्या टेकडीवर ऊन, दोन हरणं आणि दुरून एक शेपटी दिसली. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाहीये, जंगल आहे, दिसेल नाही तर नाही दिसणार. पण "आईमुळे काही बघायला मिळालं नाही" हे जे दादा अजून म्हणतो ना, त्याला माझं उत्तर हे आहे की आईमुळेच मला ते बघायला मिळालं, मी एकटी असते तर मीही लांब ट्रेकलाच पळाले असते.

त्याच संध्याकाळी कालोंगला नांगर टाकला. खारफुटीचं छोटं बेट आहे, उतरायचं नसतंच, बोटीवरूनच बघायचं. सूर्य बुडाला की मोठी वटवाघळं निघतात, आधी पाच-सहा, मग हजारोंनी, आकाशात काळा पट्टा, फ्लोरेसकडे फळं खायला जातात. दादाचं मत होतं की दहा मिनिटं बघितलं, झालं, आता रात्रीच पाडारच्या जवळ जाऊन थांबू म्हणजे सूर्योदयाला गर्दीच्या आधी वर पोचू. कप्तानाने सरळ नाही म्हणून सांगितलं. कारण लक्षात घ्या. या बेटांच्या मधल्या चिंचोळ्या खाडीतून पॅसिफिककडचं पाणी हिंदी महासागराकडे जात असतं, त्यात भरती-ओहोटी, त्यामुळे काही ठिकाणी समुद्र नदीसारखा वाहतो, भोवरे दिसतात. याच ओढीमुळे तिथे इतकं प्रवाळ आणि इतके मांटा, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, आहेत, आणि याच ओढीमुळे वेळ कप्तानच ठरवणार, आपण नाही. तुमच्याकडे जो कोणी प्लॅन करतोय त्याला हे आत्ताच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाडार. शेकडो पायऱ्या आहेत, वरून तीन खाड्या एकदम दिसतात, फोटोतलं ते हेच. आईला नेऊ नका, गरज नाही. आमची आई बोटीच्या पुढच्या टोकाला चहा घेऊन बसली होती. मग पिंक बीच, तिथली वाळू खरंच गुलाबीसर दिसते, फोरामिनिफेरा नावाच्या बारीक समुद्री जीवांची लाल कवचं वाळूत मिसळलेली असतात म्हणून. मग कोमोडो बेट, मग ताका मकास्सार, मग मांटा. मांटाला दादा आणि मी उतरलो, पंख पसरलेले तीनेक मीटर, खालून शांतपणे गेला, ते मी विसरणार नाही. पण आईला त्या दिवशी चार वेळा डिंगीत चढवलं-उतरवलं आणि संध्याकाळपर्यंत तिचा डावा गुडघा सुजला. तेव्हा मीही थांबवलं नाही, ही माझी चूक आहे.

रात्री जेवण झाल्यावर दादा म्हणाला, आई नसती तर आपला मांटाचा दुसरा राउंडपण झाला असता आणि कोमोडोचा लांब ट्रेकपण. हळू आवाजात म्हणाला, त्याला वाटलं ती झोपलीय. ती चार फुटांवर ताडपत्रीमागे होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सियाबा होतं, कासवांचं. कासवं बघायचीत हे आई निघायच्या आधीपासून म्हणत होती, पूर्ण ट्रिपमध्ये तिने स्वतःहून मागितलेली तेवढी एकच गोष्ट. डिंगी बोटीला लावली, पोरं हात पुढे करून उभी, पेलान-पेलान इबू, आणि ती म्हणाली मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या. गुडघ्याचं कारण दिलं. मीही नाही गेले. दादा-वहिनी गेले, तीन कासवं दिसली त्यांना, व्हिडिओ दाखवला, आईने दोनदा बघितला आणि छान आहे म्हणाली.

म्हणून तुम्हाला सांगते. बसवायचीच म्हटली तर तीन दिवसांत नऊ-दहा ठिकाणं बसतात, सगळे एजंट तेच विकतात. तुम्ही पाच घ्या. रिंचा, कालोंग, मांटा, सियाबा, आणि एक कुठलंही जिथे वाळूवर नुसतं बसता येईल. आई ज्यासाठी येतेय ती गोष्ट पहिल्या दिवशी ठेवा, गुडघे ताजे असतात तेव्हा. पाडार ज्यांना चढायचंय त्यांनी चढावं, आईने बोटीवर थांबावं, त्यात कोणाचं काही अडत नाही. कोमोडो आणि रिंचा दोन्ही करायची गरज नाही, ड्रॅगन तेच आहेत. याला काहीजण म्हणतील की इतक्या लांब जाऊन खुद्द कोमोडो बेटावर पाय न ठेवता कसं यायचं, तर माझं स्पष्ट मत आहे की नावाला पाय ठेवण्यात काही अर्थ नाही.

बोट बुक करताना दोनच गोष्टी विचारा: केबिन मुख्य डेकवर आहे का, आणि डेकवरून बाथरूमला जाताना शिडी लागते का. फोटो नको, त्याच बोटीचा त्याच आठवड्यातला व्हिडिओ मागा. स्पीडबोटची एका दिवसाची ट्रिप सोपी वाटते, पण लाटांवर आपटत जाते, पाठ-गुडघे असलेल्यांना संथ लाकडी बोटच बरी. शिडं बघून भुलू नका, चालते ती इंजिनावरच.

महिन्याचं: एप्रिल-मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात. एप्रिल-मेमध्ये टेकड्या हिरव्या असतात, नंतर सगळं पिवळं-तपकिरी. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, दक्षिणेकडे वारा, आणि ड्रॅगनच्या मिलनाचा काळ असल्याने ते आत झाडीत असतात, कमी दिसतात. जानेवारी-फेब्रुवारी नकोच, हवा बिघडली की बंदर कार्यालय बोटी सोडायचंच थांबवतं आणि तुम्ही हॉटेलात बसून राहता. पार्कची फी सारखी बदलते, २०२२ मध्ये तर माणशी ३७ लाख ५० हजार रुपिया करायचं ठरलं होतं, तिथल्या लोकांनी संप केला, मग आधी पुढे ढकललं आणि शेवटी मागे घेतलं. त्यामुळे फी पॅकेजमध्ये धरलीय का हे लेखी घ्या आणि हाताशी रोख ठेवा.

हे आधी लिहायला हवं होतं: आईला हृदयाचा त्रास असेल किंवा बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा, कारण तिथे बोटीवरून दवाखाना काही तासांच्या अंतरावर असतो आणि बऱ्याच जागी नेटवर्क नसतं. अशा वेळी लाबुआन बाजोलाच मुक्काम करून एक दिवस फक्त रिंचा केलं तरी चालेल, संथ बोटीने दीड-दोन तासांवर आहे. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी. लाइफ जॅकेट आईच्या मापाचं आहे का ते बंदरातच घालून बघा. आणि बोटीवर भिंती पातळ असतात, आडोसा तर नुसत्या ताडपत्रीचा, तेव्हा रात्री डेकवर काय बोलायचं ते जरा बघून.